दहा वर्षांची मुदत

परदेशी शिकावयास जाणारा विद्यार्थी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर साधारणतः विशी गाठलेला, घरच्या भाषेत आणि घरच्या वळणात मुरलेला तरुण उभा राहतो. तेथे त्याला थंडी बाधते, जेवण रुचत नाही, लोकांचे उच्चार कळत नाहीत. परंतु पाचसहा महिन्यांत तो रुळतो आणि दोनचार वर्षांनी पदवी घेऊन घरी येतो. परत आल्यावर आईशी कोणत्या भाषेत बोलावे, असा प्रश्न त्याला पडत नाही. तो प्रश्न जिला खरोखरच पडला अशा एका विद्यार्थिनीची आणि तिच्या चार सोबतिणींची हकीकत जपानच्या अर्वाचीन इतिहासात नमूद आहे. पौर्वात्य देशाने पाश्चात्य विद्येसाठी आपली मुले बाहेर पाठविण्याचे प्रयोग पुढे अनेक झाले. त्यांपैकी इतका धाडसी आणि इतका अविचारी प्रयोग क्वचितच झाला असेल.

१८६८ साली जपानमध्ये शोगुनांची सत्ता संपली आणि सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले. युरोप-अमेरिकेची विद्या शक्य तितक्या लवकर आत्मसात करावी, हा या सरकारचा ध्यास होता. त्यासाठी १८७१ साली इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली एक मोठे शिष्टमंडळ परदेशी निघाले. त्याच्यासोबत शिकण्यासाठी जाणारे विद्यार्थीही होते. पुढे मोठ्या पदांना चढलेले कानेको केंतारो आणि दान ताकुमा हे त्यांतलेच. याच सुमारास उत्तरेकडील होक्काइदो बेटावर वसाहत वसविण्याचे काम पाहणारे कुरोदा कियोताका अमेरिकेचा दौरा करून आले होते. तेथील स्त्रिया शिकलेल्या, धीट आणि घरादाराचा कारभार समर्थपणे पाहणाऱ्या त्यांना दिसल्या. देशाची प्रगती व्हावयाची तर आधी माता सुशिक्षित हव्यात, आणि तशा मातांना घडविणाऱ्या स्त्रिया तयार करावयाच्या तर मुलींना लहानपणीच अमेरिकेत धाडावे, असे त्यांच्या मनाने घेतले. वसाहत खात्याने योजना जाहीर केली. मुदत दहा वर्षांची, सर्व खर्च सरकारचा, शिवाय वर्षाकाठी ८०० डॉलर.

पहिल्या आवाहनाला एकही अर्ज आला नाही. हे स्वाभाविकच होते. ज्या समाजात मुलीचे लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी ठरावयाचे, त्या समाजात दहा वर्षे परदेशी ठेवलेल्या मुलीला कोण पत्करणार? दुसऱ्या आवाहनाला पाच अर्ज आले आणि पाचही मंजूर झाले. हे अर्ज कोणाचे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाचही मुली १८६८ च्या यादवीत पराभूत झालेल्या पक्षाच्या सामुराई घराण्यांतील होत्या. विजयी पक्षाच्या एकाही सरदाराने आपली मुलगी पुढे केली नाही. मानमरातब आणि उत्पन्न गमावून बसलेल्या कुटुंबांनाच सरकारी कृपेची ही वाट चोखाळावीशी वाटली.

पाचांत मोठ्या दोघी, योशिमासू रियोको आणि उएदा तेईको, चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. तिसरी यामाकावा घराण्यातली, अकरा वर्षांची. १८६८ च्या शरद ऋतूत आइझू येथील किल्ल्याला महिनाभर वेढा पडला होता, तेव्हा आठ वर्षांची ही मुलगी आपल्या आईबहिणींसह आत होती. येऊन पडणारे तोफगोळे ओल्या रजयांनी विझविण्याचे काम तेथे स्त्रियांकडे आणि मुलींकडे होते. तिचे मूळचे नाव साकिको. अमेरिकेला निघताना आईने ते बदलून सुतेमात्सु ठेवले. त्यात टाकून देणे हा एक अर्थ आहे आणि वाट पाहणे हा दुसरा. मुलगी तर टाकलीच, परंतु ती परत येईपर्यंत वाट पाहीन, एवढे सगळे त्या मातेने एका नावात बसविले. चौथी नागाई शिगेको नऊ वर्षांची; आणि पाचवी त्सुदा उमे, जिला पुढे उमेको म्हणू लागले, ती अवघी सहा वर्षांची. तिचे वडील त्सुदा सेन १८६७ साली अमेरिका पाहून आले होते आणि वसाहत खात्याशी संबंधित होते. आपण जे पाहिले ते मुलीने आत्मसात करावे, अशी त्यांची महत्त्वाकांक्षा. सहा वर्षांच्या मुलीचे मत कोणी विचारले असेल, असे मानण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी राजवाड्यात या मुलींना सम्राज्ञीच्या दर्शनास नेण्यात आले. तांबड्या रेशमी वस्त्राचे तागे आणि मिठाई देऊन, मन लावून शिका आणि परत येऊन देशातील स्त्रियांना आदर्श व्हा, अशा आशयाचा लेखी आदेश त्यांना देण्यात आला. २३ डिसेंबर १८७१ रोजी योकोहामाहून ‘अमेरिका’ नावाच्या आगबोटीतून त्या निघाल्या. असल्या पोरींना दर्यापार धाडणाऱ्या आयांचे काळीज कसले, अशी कुजबूज धक्क्यावरील गर्दीत चालली होती, असे सांगतात. मुलींच्या देखरेखीस अमेरिकन वकिलाची पत्नी होती. तिला जपानी येत नव्हते आणि मुलींना इंग्रजी येत नव्हते. समुद्र खवळलेला, पोटात अन्न ठरत नाही, आणि काही हवे असेल तर मागावयाचे कसे हे ठाऊक नाही. अशा स्थितीत उमेचा सातवा वाढदिवस बोटीवरच उलटला.

१५ जानेवारी १८७२ रोजी सॅन फ्रान्सिस्को आले. तेथे लोकांनी या मुलींना एखाद्या प्रदर्शनातील वस्तू पाहाव्यात तसे पाहिले. पुढे आगगाडीने पूर्वेकडे जाताना डोंगरांत बर्फ पडून मार्ग बंद झाला आणि सारे शिष्टमंडळ सॉल्ट लेक सिटी येथे जवळजवळ तीन आठवडे अडकून पडले. अंगावर अजून किमोनो होते. त्यांनी ना थंडी निभावे ना लोकांच्या नजरा. अखेर शिकागोस पोचल्यावर त्यांना अमेरिकन पद्धतीचे कपडे मिळाले. २९ फेब्रुवारी रोजी त्या वॉशिंग्टनला उतरल्या. जपानी वकिलातीचे प्रमुख मोरी आरिनोरी त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. स्त्रीशिक्षणाचे ते पुरस्कर्ते खरे. परंतु शालीत गुंडाळलेली उमे पाहून त्यांचाही धीर खचला. विद्यार्थिनी मागविली होती आणि सरकारने तान्हे मूल पाठविले, असा त्यांचा एकंदर सूर होता.

येथून पुढचा भाग शिक्षकांनी आणि पालकांनी बारकाईने पाहण्यासारखा आहे. काही आठवड्यांनी पाचही मुलींसाठी वॉशिंग्टनमध्ये एक स्वतंत्र घर घेण्यात आले. देखरेखीस एक शिक्षिका नेमली, सकाळी इंग्रजीचे धडे, त्याखेरीज पियानो, अशी व्यवस्था होती. वरकरणी तिच्यात काही उणे नव्हते. परंतु पाचजणी एकत्र असल्यामुळे धडा संपताच त्या आपसांत जपानी बोलू लागत. खेळणे जपानीत, भांडणे जपानीत, रडणेही जपानीत. महिने लोटले तरी इंग्रजीची गाडी काही पुढे सरकेना. दरम्यान रियोकोचे डोळे बिघडले. प्रवासात बर्फाच्या लखलखाटाने ते अधू झाले होते. तेईकोची प्रकृतीही ढासळली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत या दोघी मायदेशी परतल्या. वयाने मोठ्या असूनही त्यांनाच परदेश मानवला नाही, याचे नवल वाटावयास नको. चौदाव्या वर्षी माणसाचे घर त्याच्या मनात पुरते बांधून झालेले असते, आणि ते सहजासहजी मोडता येत नाही.

उरलेल्या तिघींना मोरी यांनी वेगवेगळ्या कुटुंबांत ठेवले. त्या खऱ्या अर्थाने रुळल्या त्या येथून. शिगेकोला कनेक्टिकट राज्यात फेअर हेवन येथे धर्मोपदेशक व ग्रंथकार जॉन अ‍ॅबट यांच्या घरी पाठविले. सुतेमात्सु जवळच न्यू हेवनला लेनर्ड बेकन यांच्याकडे राहिली. बेकन हे गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लेखणी झिजविलेले धर्मोपदेशक, चौदा मुलांचे बाप. घरची स्थिती ओढगस्तीची असल्याने मुलीच्या निवासखर्चाची रक्कम त्यांनाही उपयोगी होती. परंतु त्यांनी तिला पाहुणी म्हणून ठेवले नाही. त्यांच्या मुलींना जी शिस्त आणि घरकामाचा जो वाटा, तोच हिला. सर्वांत धाकटी मुलगी अ‍ॅलिस हिच्याशी तिची जी मैत्री जमली ती जन्मभर टिकली. सुतेमात्सुचा थोरला भाऊ केंजिरो हा त्याच गावी येल येथे शिकत होता. हाच पुढे पदार्थविज्ञानाचा नामांकित प्राध्यापक आणि तोक्यो विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. बहिणीने आपली भाषा विसरू नये, म्हणून त्याने तिला नेमाने जपानीचे धडे दिले. या शिकवणीचे मोल त्या वेळी तिला कळले असेल असे नाही. कोणत्याच मुलाला ते कळत नाही.

उमेला असा भाऊ नव्हता. तिला जॉर्जटाउन येथे चार्ल्स व अ‍ॅडेलाइन लॅनमन या निपुत्रिक दांपत्याने सांभाळले. लॅनमन हे जपानी वकिलातीचे चिटणीस, लेखक आणि चित्रकार. घर पुस्तकांनी भरलेले. मूल म्हणून जे जे मिळावे ते सर्व तिला मिळाले. शाळेत लेखन, अंकगणित आणि वर्तणूक यांसाठी तिला बक्षिसे मिळाली. पुढे लॅटिन आणि फ्रेंचही ती शिकली. १८७३ साली, आठ वर्षांची असताना, तिने स्वतः इच्छा व्यक्त केली आणि तिचा बाप्तिस्मा झाला. ती निघाली तेव्हा जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. त्या बंदीच्या जाहीर पाट्या सरकारने त्याच वर्षी काढून टाकल्या. मुलीच्या आयुष्यात आणि देशाच्या आयुष्यात घडणारे पालट असे जोडीने चालले होते. मात्र देशातील पालट तिला दुरून, पत्रांतून आणि तेही इंग्रजीतून कळत होते.

तिघी सुट्यांत एकमेकींना भेटत आणि स्वतःस ‘त्रयी’ म्हणवीत. १८७८ साली सुतेमात्सु व शिगेको न्यूयॉर्क राज्यातील व्हासर कॉलेजात दाखल झाल्या. शिगेकोने संगीताचा अभ्यासक्रम पुरा केला. सुतेमात्सु १८८२ साली पदवीधर झाली. बी. ए. ची पदवी घेणारी ती पहिली जपानी स्त्री. पदवीदान समारंभात तिने भाषण केले ते ब्रिटनच्या जपानविषयक धोरणावर, आणि त्यात असमान तहांवर कडक टीका होती. आइझूच्या किल्ल्यात रजया भिजविणारी पोर ती हीच. त्या उन्हाळ्यात न्यू हेवनच्या रुग्णालयात तिने परिचर्येचे थोडे शिक्षणही घेतले.

दहा वर्षांची मुदत १८८१ साली भरली. शिगेको त्या वर्षी परतली. सुतेमात्सुची पदवी आणि उमेची शाळा पुरी होण्यासाठी एक वर्ष वाढवून मिळाले आणि नोव्हेंबर १८८२ मध्ये या दोघी योकोहामाच्या धक्क्यावर उतरल्या. उमे सतरा वर्षांची होती. घरी आई होती, आणि तिने कधी न पाहिलेली भावंडे होती. वडिलांना इंग्रजी येत होते. आईला मात्र इंग्रजीचा गंध नव्हता आणि मुलीला जपानीचा. अकरा वर्षांत आईची भाषा तिच्या जिभेवरून समूळ पुसली गेली होती. आईला काही सांगावयाचे तर तिला वडिलांकडे वळावे लागे. जमिनीवर मांडी मोडून बसणे, वाकून नमस्कार करण्याच्या रीती, थोरामोठ्यांशी बोलताना लागणारी आदरार्थी रूपे हे सर्व तिला परक्या मुलीप्रमाणे पहिल्यापासून शिकावे लागले. जपानी भाषेत आदराच्या इतक्या पायऱ्या आहेत की चुकीच्या पायरीवर पाय पडला तर समोरचा माणूस दुखावतो. आणि चेहरा जपानी असल्याने ती चूक परकीपणाची समजून कोणी माफही करीत नाही. मातृभाषेच्या मुलुखाबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना या दुःखाची थोडीफार कल्पना करता येईल. फरक एवढाच, की इंदूर-बडोद्याच्या मराठी घरात निदान आजी असते. जॉर्जटाउनमध्ये उमेला कोणी नव्हते.

याहून मोठा धक्का पुढेच होता. ज्या खात्याने त्यांना पाठविले ते वसाहत खाते १८८२ सालीच बरखास्त झाले होते. मुलींचे पुढे काय करावयाचे, याचा विचार कोणीही केलेला नव्हता. परदेशाहून आलेल्या मुलग्यांना मंत्रालयांत, आरमारात, विद्यापीठात जागा तयार होत्या; यांना एकही नाही. सुतेमात्सुला एका सरकारी विद्यालयात शिकविण्याचे काम देऊ करण्यात आले, परंतु पाठ्यपुस्तके जपानी, आणि केंजिरोच्या शिकवणीने तिची बोली टिकली असली तरी ती लिपी एवढ्याने हाती येणारी नव्हती. तिला ते काम सोडावे लागले. सरकारने पेरणीचा खर्च केला, राखण केली, आणि पीक उभे राहिल्यावर खळ्याची सोयच केलेली नव्हती. हा दोष मुलींचा नव्हता. तरीही त्याचे ओझे त्यांनाच वाहावे लागले. देशाने आपल्यावर एवढा पैसा खर्च केला, तो आपण कसा फेडावा, ही टोचणी उमेच्या त्या काळातील पत्रांत पुन्हा पुन्हा दिसते.

सुतेमात्सुने वेगळा मार्ग घेतला. १८८३ साली तिने युद्धमंत्री ओयामा इवाओ यांच्याशी विवाह केला. ओयामा तिच्याहून अठरा वर्षांनी मोठे, विधुर, तीन मुलींचे वडील. आणि आइझूच्या किल्ल्यावर तोफा डागणाऱ्या सैन्यातलेच. त्या वेढ्यात ते स्वतः जखमी झाले होते. तिच्या घरच्यांनी प्रथम नकार दिला, हे ओघानेच आले. दोघांच्या प्रांतिक बोलींत इतके अंतर, की एकमेकांचे बोलणे कळण्यासाठी त्यांना परक्या भाषेचा आधार घ्यावा लागे, असे सांगितले जाते. मंत्र्याची पत्नी या नात्याने तिने जे करता येईल ते केले. १८८४ साली तोक्योतील रोकुमेइकान या भवनात सरदारकुळांतील स्त्रियांकडून तिने बाजार भरविला आणि त्याचे उत्पन्न परिचारिकांच्या शिक्षणासाठी दिले. सरदारणींनी वस्तू मांडून विकावयास बसणे, हे तोक्योने प्रथमच पाहिले. शिगेकोने अमेरिकेतच शिकलेल्या उरियू या आरमारी अधिकाऱ्याशी विवाह करून सरकारी विद्यालयांत वर्षानुवर्षे पियानो शिकविला.

उमेने लग्न न करण्याचे ठरविले. इतो हिरोबुमी यांच्या घरी काही काळ तिने इंग्रजी शिकविले. त्याच काळात ती स्वतः जपानी शिकत होती. १८८५ साली सरदारकन्यांच्या नव्या विद्यालयात ती शिक्षिका झाली. विद्यार्थिनी शालीन होत्या, आज्ञाधारक होत्या. परंतु शिकण्याची भूक त्यांच्यात तिला दिसेना. १८८९ साली रजा घेऊन ती पुन्हा अमेरिकेस गेली. या वेळी ती स्वतःच्या इच्छेने, चोवीस वर्षांची होऊन गेली, हा भेद महत्त्वाचा आहे. फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात तिने जीवशास्त्राचा अभ्यास केला आणि टॉमस हंट मॉर्गन यांच्यासमवेत बेडकाच्या अंड्यावर संशोधन केले. तो निबंध १८९४ साली प्रसिद्ध झाला. याच मॉर्गन यांना पुढे १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेथेच राहून संशोधन करावे, असे कॉलेजाने सुचविले असताही १८९२ साली ती परतली. मात्र परतण्यापूर्वी मेरी मॉरिस या फिलाडेल्फियाच्या बाईंच्या साहाय्याने तिने जपानी मुलींना अमेरिकेत शिकता यावे यासाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा केला. या निधीतून जाणाऱ्या मुली मोठ्या वयाच्या, आपली भाषा पक्की असलेल्या होत्या. आपल्यावर झालेला प्रयोग तिने दुसऱ्या कोणा लहानग्या मुलीवर होऊ दिला नाही.

याच फिलाडेल्फिया शहराशी महाराष्ट्राचेही नाते आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ पासून तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या आणि १८८६ साली पदवीधर झाल्या. १८८५ साली घेतलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात त्यांच्याशेजारी किमोनो नेसलेली ओकामी केइको ही जपानी विद्यार्थिनी बसलेली आहे. आनंदीबाई अठराव्या वर्षी गेल्या. लुगडे, कुंकू आणि शाकाहार त्यांनी तेथे शेवटपर्यंत सोडला नाही. त्या थंडीत त्याची किंमत शरीराला मोजावी लागली असेल, परंतु परतल्यावर आप्तांशी बोलावयास त्यांना दुभाष्या लागला नाही. त्यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेलेल्या पंडिता रमाबाई परतताना, डिसेंबर १८८८ मध्ये, जपानात थांबल्या होत्या. आणि महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापले ते तोक्योतील एका महिला विद्यापीठाची माहिती वाचून. ते विद्यापीठ १९०१ मधले; त्याच्या आदल्याच वर्षी त्सुदा उमे हिने त्याच शहरात आपली शाळा काढली होती.

ही शाळा सप्टेंबर १९०० मध्ये भाड्याच्या घरात दहा विद्यार्थिनींनिशी सुरू झाली. अ‍ॅलिस बेकन अमेरिकेहून येऊन तेथे वेतन न घेता दोन वर्षे शिकवीत राहिली. सुतेमात्सु शाळेची आधारस्तंभ झाली. शिगेकोनेही हातभार लावला. ‘त्रयी’ शेवटपर्यंत फुटली नाही. सरकारने जे कर्ज त्यांच्या माथी ठेवले आणि फेडण्याची वाट दाखविली नाही, ते या तिघींनी असे आपापल्या हिशेबाने फेडले. सुतेमात्सु १९१९ साली, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, शाळेसाठी धावपळ करीत असतानाच गेली. शिगेको १९२८ मध्ये आणि उमेको १९२९ मध्ये. ती शाळा आज त्सुदा विद्यापीठ म्हणून नांदत आहे. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या, त्यांतील ५००० येनच्या नोटेवर उमेकोचे चित्र आहे.

१९८४ साली या संस्थेच्या इमारतीच्या माळ्यावर एक जुनी पेटी सापडली. तिच्यात उमेने जपानहून अ‍ॅडेलाइन लॅनमन यांना लिहिलेली कित्येक शे पत्रे होती. परतल्यापासून जवळजवळ तीस वर्षे ती लिहीत होती. प्रारंभीच्या काळात तर आठवड्यामागून आठवडा. घरातील जेवण, भावंडांचे दंगे, लग्न जुळविणाऱ्यांची वर्दळ, शाळेतील मुली, पैशाची तंगी, एकटेपणा, सगळे काही त्यांत आहे. आईविषयी तिला काय वाटले हेही त्यांत आहे. तिने ते दुसऱ्या आईला, इंग्रजीत कळविले होते.